अक्काची तिसरी चाल

माझा आवाज फाटका आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढे त्याचं काम पडणार आहे. लग्न झाल्यावर पहिल्याच रविवारी उपासनेत मी मोठ्या उमेदीने गायला लागले, तर दुसऱ्याच ओळीला आमचे हे पेटीवरून मान वळवून माझ्याकडे बघायला लागले. घरी आल्यावर म्हणाले, "तू मागच्या चटईवर बसत जा. आणि नुसते ओठ हलव. देवाला तेवढं कळतं." मी नगरकडची, मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली, सातवी पास. कोणाचं ऐकून घेईन तर शपथ. पण गाण्यातलं त्यांचं ऐकावंच लागे, कारण त्यांच्याइतका गोड गाणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता आणि त्यानंतरही पाहिला नाही.

देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही भडगावला आलो. हे तिथे प्रचारक म्हणून नेमलेले. प्रचारकाने गावोगाव हिंडायचं, कीर्तन करायचं, प्रार्थना चालवायची. पण बाप्तिस्मा द्यायचा नाही, प्रभुभोजन द्यायचं नाही, लग्न लावायचं नाही. ती कामं दीक्षा घेतलेल्या पाळकाची, आणि आमचे पाळक बसत धुळ्याला. दोन-तीन महिन्यांतून एकदा येत, तेही गिरणेला पूर नसला तर. मंडळी म्हणजे पंधरा-वीस घरं, बहुतेक शेतात मजुरीला जाणारी. प्रार्थनामंदिर म्हणजे पत्र्याची एक लांब खोली. शेजारी आमचं घर, आणि भिंतीला भिंत लावून एका शेतकरी कुटुंबाचं घर. त्या घरच्या कर्त्या बाईला सगळं गाव अक्का म्हणे, म्हणून आम्हीही अक्का म्हणू लागलो.

ह्यांचे वडील लग्नांतून सनई वाजवत. बोर्डिंगात ह्यांना साहेबांच्या पायपेटीवरची धूळ पुसायचं काम मिळालं होतं. धूळ पुसता पुसता ते ती वाजवायला शिकले. साहेबाला पत्ता लागला तेव्हा ह्यांना अख्खं गीतपुस्तक बोटांवर येत होतं. पण मन त्यात नव्हतं. गीतपुस्तकातल्या बऱ्याच चाली साहेबांच्या देशातून आलेल्या. भडगावच्या बाया त्या म्हणत, नाही असं नाही, पण ओळ संपायच्या आत त्यांचा दम संपे आणि सगळ्या एकमेकींकडे बघत थांबत. हे म्हणायचे, "परक्याचा अंगरखा घातलाय गं ह्यांना. बाह्या लांब होतात." ह्यांना इथल्याच मातीतल्या चालींवर भजनं करायची होती. अडचण एवढीच की इथलं गाणं सगळं बायकांच्या तोंडी. जात्यावर, नदीवर, कापूस वेचताना. पुरुषमाणूस जवळ गेला की गाणं बंद.

म्हणून ते काम माझ्याकडे आलं. देवाने मला आवाज दिला नाही, पण कान दिला. चाल एकदा ऐकली की मला ती घरापर्यंत नेता येई. फक्त एक पथ्य होतं. वाटेत कोणाशी बोलायचं नाही. बोललं की चाल सांडते. मी धुण्याचं बोचकं डोक्यावर घेऊन गुणगुणत सुटायची, आणि ओळखीच्या बाया हटकायच्या, "काय वं बाई, तुन्हा तोंडमा काय भरेल शे?" मी मानेनेच उत्तर देऊन पुढे. घरात शिरले की हे हातातलं टाकून पेटीशी बसत. मी गुणगुणायची, ते सूर धरत, आणि एका वहीत चाल उतरवून घेत. गाण्याचे बोल मला धड कळत नसत, अहिराणी तेव्हा मला अर्धीमुर्धीच येई. म्हणून चालींना आम्हीच नावं ठेवली होती. 'नदीवरची', 'वेचणीची', 'चक्कीवालीची'. अक्काकडून तीन मिळाल्या होत्या. पहिली, दुसरी, तिसरी.

ह्या तिसरीनेच आमचा घात केला. पण त्याआधी एका बाळाची गोष्ट सांगायला हवी.

आमचा तिथला दुसरा पावसाळा. मंडळीतल्या एका बाईला मूल झालं, आणि पाचव्या दिवशी ते दूध पिईना. ह्यांनी पाळकांना बोलावणं धाडलं. गिरणा दोन्ही थडी भरून चाललेली. ते पलीकडे अडकले. आमच्या मिशनचा नियम कडक होता, प्रचारकाने बाप्तिस्म्याच्या पाण्याला हात लावायचा नाही. बाळ तसंच गेलं. ह्यांनी त्याला मातीत ठेवलं, प्रार्थना केली, गाणं मात्र त्यांच्या तोंडून निघेना. तेव्हा ती ओली बाळंतीण, मला अजून दिसते ती, भिंतीला टेकून म्हणाली, "मन्हा पोरनं नाव लिखाले कोनी उनंच नही." बाप्तिस्म्याच्या वहीत नाव लिहायला कोणी आलंच नाही, एवढंच तिचं म्हणणं.

त्या दिवशी घरी आल्यावर हे म्हणाले, "मला दीक्षा घ्यायची आहे." तोवर ह्या माणसाने एका चांगल्या पेटीपलीकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. त्यांनी अर्ज केला, नदीकाठच्या झाडाखाली बसून अभ्यास केला, परीक्षा दिली. शेवटी धुळ्याहून निरोप आला की तिघे पंच नाताळाला भडगावला येतील, ह्यांची उपासना आणि मंडळी बघतील, मग ठरेल.

आता नाताळासाठी नवं भजन हवं होतं. दिवाळी होऊन गेली होती. एका सकाळी मी चुलीसाठी काटक्या गोळा करत होते, तर अक्का पाठमोरी बसून आपलं अंगण सारवत होती आणि स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती. बोल नव्हते, नुसती चाल. वर चढायची, एका जागी थांबून मागे वळून बघितल्यासारखी करायची आणि मग हळूच उतरायची. माझ्या अंगावर शहारा आला. चौकशी करण्यात एरवी माझा हात कोणी धरला नसता. कोणाच्या घरी डाळीला कशाची फोडणी दिली हेही मला माहीत असे. पण त्या दिवशी मी विचारलं नाही, हे कशाचं गाणं. विचारायला तोंड उघडावं लागतं, आणि तोंड उघडलं तर चाल सांडली असती. काटक्या तिथेच टाकून मी घरात पळाले.

अक्काची ही तिसरी चाल ह्यांना इतकी आवडली की दोन दिवसांत भजन तयार झालं. 'आला दारी राजा, पाट मांडा गं,' असं ध्रुपद. पहिलं कडवं होतं, 'लांबून आलास राजा, घडीभर टेक रे.' तीन आठवडे घरात तेच. कडवी ते पुटपुटत, ध्रुपदाला मात्र आवाज सोडून गात, आणि भिंतीपलीकडे भांडी घासणं थांबे. मला वाटे, अक्काला गाणं आवडलंय. नाताळाचं आमंत्रण द्यायला गेले तेव्हा ती माझ्याकडे बघून नुसती हसली.

नाताळाच्या सकाळी पत्र्याची खोली भरून गेली होती. पंच पुढे खुर्च्यांवर; एक म्हातारे पाळक, दोघे त्यांच्याहून थोडे तरुण. दाराबाहेर गावातल्या बाया जमलेल्या, त्यात अक्का. आमच्यात गीतपुस्तकातलं गाणं उभं राहून म्हणतात आणि भजन चटईवर बसून. ढोलकीवर थाप पडली, झांज वाजली, ह्यांनी डोळे मिटून पहिली ओळ घेतली. आणि मंडळीतल्या सगळ्या बाया उठून उभ्या राहिल्या.

कोणी खूण केली नव्हती. आधी एक म्हातारी उठली, तिच्या पाठोपाठ मांडीवरची पोरं सावरत बाकीच्या. दोघी-चौघींनी पदर डोळ्यांना लावला. पंच चकित झाले. भजनाला अशी भक्ती त्यांनी कुठे बघितली नसणार. ते एकमेकांकडे बघून हळूच उभे राहिले, तसे पुरुषही उठले, आणि मागच्या चटईवर ओठ हलवत बसलेली मी, मीही उठले. बसलेले फक्त हे, पेटीवर. दाराबाहेर अक्काने तोंडात पदर कोंबला होता आणि तिचे खांदे गदगदा हलत होते. मी समजले, हीही रडतेय. केवढा अभिमान वाटला मला!

उपासनेनंतर पुऱ्या आणि गुळवणी होती. म्हातारे पाळक फार खुशीत होते. त्यांनी त्या पहिल्या उठलेल्या म्हातारीला जवळ बोलावलं आणि प्रेमाने विचारलं, "आजी, प्रभूचं नाव ऐकताच तुम्ही उभ्या राहिलात, काय वाटलं तुम्हाला?"

म्हातारी खोटं बोलणारी नव्हती. म्हणाली, "ह्या चालवर कानबाई उठस, साहेब. मंग आपलाले बसता यी का?"

पंच नगर-नाशिककडचे, त्यांना कानबाई कोण ते ठाऊक नव्हतं. मला तरी कुठे ठाऊक होतं? म्हातारीने सगळं समजावून सांगितलं. कानबाई ही खानदेशची देवी. श्रावणात तिला रविवारी घरात बसवतात आणि सोमवारी नदीवर पोचवतात. तिला पाटावरून उचलायची वेळ झाली की बाया ही चाल धरतात, आणि चाल धरली की घरातल्या सगळ्यांनी उठायचं. बसून राहिलं तर ती रुसते. म्हातारी मंडळीत येऊन वीस वर्षं झाली होती. पण पायांना ते कोण सांगणार? दारातून अक्काने भर घातली, "देव जलमना त्याच दिन त्याले बोळवाले निंघनात का वं तुम्ही? बोल सांगस बस, चाल सांगस ऊठ!" आणि बाहेरच्या बाया खो खो हसल्या.

पंचांच्या हातातल्या पुऱ्या तशाच राहिल्या.

महिन्याभराने पत्र आलं. ह्यांच्या श्रद्धेबद्दल आणि अभ्यासाबद्दल चांगलं लिहिलं होतं. पुढे एक अट होती. मंदिरात आणि मंदिराबाहेर गावठी चाली गाणार नाही, गीतपुस्तकातल्याच गाईन, असं लिहून सही करून द्यावं. मग दीक्षा मिळेल. नाहीतर आहे तसं प्रचारक राहावं आणि काय गायचं ते आपल्या जबाबदारीवर गावं. म्हणजे पाळक व्हा नाहीतर गवई राहा.

मी म्हटलं, "करू नका सही. मी धुळ्याला येते. चूक माझी आहे, मी सांगते त्यांना." मी पुन्हा म्हटलं, आणखी मोठ्याने म्हटलं, मग पितळी आपटली. राग माझा मला आला होता, आदळआपट मात्र त्यांच्यापुढे. शेवटी ते एवढंच म्हणाले, "पुढचा पावसाळा येईल. पुन्हा कोणाचं बाळ आजारी पडेल. तेव्हा मी काय करू, चाल म्हणून दाखवू?"

सही केली. चालींची वही जुन्या लुगड्यात बांधून ट्रंकेच्या तळाशी ठेवली. ढोलकी खुंटीला गेली. धुळ्याला दीक्षाविधी झाला, आणि भडगावला येऊन ह्यांनी पहिला बाप्तिस्मा दिला तो बाळ गेलेल्या त्याच बाईच्या नव्या मुलीला. बाईने नाव सांगितलं, ह्यांनी बाप्तिस्म्याच्या वहीत लिहिलं, आणि तिने ती अक्षरं बोटाने चाचपून बघितली. तिला वाचता येत नव्हतं. मी तिथे उभी होते आणि मला एकाच वेळी फार बरं आणि फार वाईट वाटलं. दोन्ही खरं होतं.

एकदा मी म्हटलं, "घरात तरी गा की. घरात कोण पंच येतोय ऐकायला?" तर म्हणाले, "सही काय दुसऱ्याच्या हाताने केली होती?"

अक्कावर मी पंधरा दिवस रुसले होते. मग न राहवून विचारलं, दिवाळी झाल्यावर कानबाईचं गाणं तू गुणगुणत कशाला होतीस? तिने शेण कालवता कालवता सांगितलं, "आंडेर सासरे गयी त्या दिन. तोंडमा तीच चाल उनी. माले तरी कोठे ध्यान व्हतं?" तिची धाकटी मुलगी त्याच सकाळी सासरी निघाली होती. गाडी वळली, अक्का आत आली आणि सारवायला बसली. मी तेव्हा तिची पाठच बघितली होती.

हे ऐकल्यापासून मला चैन पडेना. आपण काय उचलून आणलं होतं, ते एकदा डोळ्यांनी बघायचंच असं मी ठरवलं. आता मी पाळकीणबाई. कानबाईच्या मिरवणुकीत दिसले असते तर धुळ्याहून आणखी एक पत्र आलं असतं. श्रावणातल्या त्या सोमवारी मी धुणं घेऊन मुद्दाम गिरणेवर गेले आणि धुतलेलंच लुगडं पुन्हा पुन्हा धूत बसले. वाजतगाजत बाया आल्या. अक्काच्या डोक्यावर पाट, पाटावर नथ घातलेला नारळ, त्याला नेसवलेलं हिरवं वस्त्र, गळ्यात डोरलं. वाळूवर आल्या आणि चाल सुरू झाली. मला वाटलं होतं ते दुःखाचं गाणं असेल. पण बाया नाचत होत्या, फुगड्या घालत होत्या, आणि नाचता नाचताच डोळे पुसत होत्या. अक्काने मला बघितलंच. "काय वं, तू अठे कशी?" मी लुगडं वर करून दाखवलं. ती म्हणाली, "बरं, धू. धुवाईसन फाटी जाई ते."

घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. वाटलं होतं रागावतील. ते पुस्तक मिटून ऐकत राहिले. लय किती होती? श्वास कुठे घेतात? पाण्यात उतरताना चाल हळू होते का? मी सांगितलं, होते. "हं," म्हणाले, "मी तिथेच चुकलो होतो." मग उठून ते उपदेशाची तयारी करायला गेले.

पुढची वर्षं तशीच गेली. ह्यांनी पुष्कळ मुलांना बाप्तिस्मा दिला, लग्नं लावली, माणसं पोचवली. मंदिरात गीतपुस्तकातलं गात, चांगलंच गात, पण ओळ संपायच्या आत बाया थांबत आणि ह्यांचा एकट्याचा आवाज शेवटपर्यंत जाई. गंमत अशी की भजन मेलं नव्हतं. भिंतीपलीकडे तीन आठवडे ध्रुपद ऐकून अक्काला ते पाठ झालं होतं. आधी तिने ते थट्टेने म्हटलं, मग सवयीने. तिच्या शेतात वेचणीला आलेल्या बाया ते म्हणू लागल्या. आम्ही खेड्यावर प्रार्थनेला जाताना कधी शेतातून ते कानावर येई, आणि हे सायकलवरून उतरत. मी विचारी, "काय झालं?" तर म्हणत, "चाकात हवा बघतोय."

दीक्षेला सात वर्षं झाली आणि धुळ्याला बदली आली. निघायच्या सकाळी पेटी मोटारीच्या टपावर बांधली. हे सगळ्यांना सलाम करून खिडकीशी जाऊन बसले. निरोप घेणं त्यांना जमत नसे. मंडळी जमली होती. ज्या पोरीचं नाव आईने बोटाने चाचपलं होतं, ती आता खिडकीपर्यंत पोचायला उड्या मारत होती. तेवढ्यात अक्का आली, मागे सुना आणि शेतातल्या बाया. ती माझी ओटी भरायला आली होती. तिने कुंकवाची डबी उघडली, माझ्या मोकळ्या कपाळाकडे बघितलं आणि झाकण लावलं. "कुकू तुले चालत नही," ती म्हणाली, "पन नारय ते झाडना शे ना?" गहू आणि नारळ तिने माझ्या पदरात घातला. मग तिथेच उभी राहून तिने सुरू केलं.

'आला दारी राजा, पाट मांडा गं.'

तिच्या बायांनी ओळ उचलली. आमच्या मंडळीतल्या बायांनी उचलली. कोणाचा दम संपला नाही. बोल म्हणत होते बस, चाल म्हणत होती ऊठ, आणि मोटारस्टँडवर उभं राहून मला पहिल्यांदा कळलं की जाणाऱ्याला माणसं एवढंच सांगत असतात. मला रडू आवरेना.

पण अक्काला फक्त ध्रुपद येत होतं. पुढची कडवी मोठ्याने गायली गेली ती एकदाच, नाताळाला, आणि तेव्हा ती दाराशी हसत होती. बायांनी ध्रुपद तीनदा घोळवलं आणि सगळ्या खिडकीकडे बघत थांबल्या. ह्यांची मान खाली होती. दिलेला शब्द मोडणाऱ्यातले ते नव्हते. तसे असते तर मी इतकी वर्षं त्यांच्या मागच्या चटईवर बसले नसते.

मला तो कागद आठवला. त्याच्याखाली एकच सही होती आणि ती माझी नव्हती.

'लांबून आलास राजा,' मी सुरू केलं, 'घडीभर टेक रे.' स्टँडवरची दोन कुत्री उठून गेली, असं हे पुढे सगळ्यांना सांगत. गेली असतील. अक्काने नवी ओळ ऐकली, मान डोलावली आणि माझ्यामागे धरली. मी वर बघितलं तर खिडकीच्या गजावर ह्यांची बोटं चालली होती, पेटीवर चालत तशी. ड्रायव्हर चढला. यंत्र धडधडू लागलं, मी आणखी ओरडून गायला लागले, तेव्हा ते मान वर न करता हळूच म्हणाले, "पट्टी खाली घे. अजून दोन कडवी आहेत."

मी पट्टी खाली घेतली आणि उरलेली दोन्ही कडवी म्हटली.